आधींची नोकरी कां सुटली?

गेल्या पावसाळ्यांत एका संध्याकाळीं माझा एक जुना विद्यार्थी घाटकोपरला माझ्या घरीं आला. वय पस्तिशीचें; अंधेरीच्या औद्योगिक वसाहतींतील एका संगणक-कंपनींत नऊ वर्षें नोकरी केलेला, आणि तीन आठवड्यांपूर्वीं कामावरून कमी झालेला. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, आणि मग त्यानें खिशांतून घडी केलेला एक कागद काढला. नव्या ठिकाणच्या अर्जाचा तो छापील नमुना होता. नांव, पत्ता, शिक्षण, अनुभव हे सारे रकाने भरलेले होते. एकच रकाना कोरा होता : ‘पूर्वींची नोकरी सोडण्याचें कारण’.

“सर,” तो म्हणाला, “इथें नुसतें ‘वैयक्तिक कारण’ असें लिहूं का?”

त्याला मीं त्या क्षणीं उत्तर दिलें नाहीं. उत्तर द्यायला मी कचरत होतों, आणि कां कचरत होतों हें सांगावयाचें तर थोडें मागें जावें लागेल. मी जुन्या अकरावी मॅट्रिकचा माणूस. इतिहासाचा पंडित नव्हे. परंतु ह्या उपनगरांतील एका शाळेंत अडतीस वर्षें मुलांना शिकवीत असतां त्यांच्या वडिलांचे नोकरीचे अर्ज लिहून देण्याचें काम आपोआप माझ्याकडे आलें. त्यामुळें अर्जांतील हा एक रकाना माझ्या चांगला ओळखीचा झाला आहे. त्याला त्याचा स्वतःचा इतिहास आहे, आणि तो इतिहास बव्हंशीं ह्या आपल्या मुंबईचाच आहे.

इंग्रजी अमदानींत साहेबांच्या बंगल्यावर चाकरी करणारा आचारी, बटलर किंवा ‘बॉय’ एका घरची नोकरी सुटून दुसऱ्या दारीं उभा राही, तेव्हां तो प्रथम जपून ठेवलेलें कागदांचें एक पुडकें पुढें करी. त्यांतील प्रत्येक कागद म्हणजे पूर्वींच्या एखाद्या साहेबानें दिलेली चिठ्ठी. आपला हा साधा शब्द ‘चिट’ होऊन इंग्रजी कोशांत जाऊन बसला तो अशाच व्यवहारांतून. एडवर्ड हॅमिल्टन एट्किन नांवाचे एक गृहस्थ १८५१ सालीं साताऱ्यास जन्मले. पुढें ते मुंबई इलाख्याच्या मीठ व जकात खात्यांत अधिकारी झाले, आणि १८८३ सालीं निघालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. त्यांनीं १८८९ सालीं ‘बिहाइंड द बंगलो’ ह्या नांवाचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. बंगल्यावरील नोकरांचीं शब्दचित्रें त्यांत आहेत, आणि पहिलेंच प्रकरण ‘बॉय’ नेमण्याविषयीं आहे. पुस्तक विनोदी आहे. विनोदाचा रोख मात्र सगळा नोकरावर आहे, आणि तो मला वाचतांना बोचतो. कारण त्या पुडक्यांतील चिठ्ठ्या इंग्रजींत असत, आणि त्या बाळगणाऱ्याला बहुधा वाचतां येत नसत. आपणांस कां काढलें ह्याचा खुलासा तो स्वतःच्या खिशांत घेऊन हिंडे, पण त्यांत काय लिहिलें आहे हें त्याला समोरच्या साहेबाच्या चेहऱ्यावरून ओळखावें लागे. म्हणून कोणी दुसऱ्याच्या चिठ्ठ्या उसन्या किंवा भाड्यानें आणी. त्याला लबाडी म्हणावें तर म्हणावें. मला तें म्हणवत नाहीं.

गिरण्यांत तर हा कागदहि नव्हता. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ सालीं चालूं झाली. त्यानंतर कित्येक दशकें मजुराला कामावर घेणारा मुकादम आणि काढणाराहि मुकादमच. घेतांना दस्तुरी, टिकवितांना दस्तुरी, परत घेतांना पुन्हां दस्तुरी. बायकांच्या खात्यांत हाच अधिकार नायकिणीकडे असे. एका खात्यांतून सुटलेला माणूस दुसऱ्या गिरणीच्या दारीं पहांटे उभा राहिला तर ‘पूर्वींची नोकरी कां सुटली’ असें त्याला कोणी विचारीत नसे. ‘तुला कोणीं पाठविलें’ एवढेंच विचारीत. गांवचा, भावकीचा, खोलींतला माणूस पाठीशीं असला म्हणजे खुलाशाचें काम भागे, आणि तसा कोणी नसला तर कितीहि खरा खुलासा फुकट जाई. १९२९ सालीं नेमलेल्या व्हिटली कमिशननें, ज्यावर आपले नारायण मल्हार जोशी हेहि एक सभासद होते, १९३१ च्या आपल्या अहवालांत ह्या मुकादमी पद्धतीवर कडक टीका केली आणि नोकरभरतीचा अधिकार तिच्या हातून काढून घेण्याची शिफारस केली.

त्याच्या आधींच एक मोठी घटना घडून गेली होती. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांतील सुमारें दीड लाख कामगार संपावर होते. त्या संपानंतर न्यायमूर्ति फॉसेट ह्यांच्या अध्यक्षतेखालीं जी चौकशी-समिति बसली, तिच्यापुढें पगाराच्या दरांबरोबर आणखी एक प्रश्न होता : कामगाराला कोणत्या अटींवर ठेवावें आणि कोणत्या कारणानें काढावें ह्याचे नियम लेखी असावेत कीं नाहीं? आज हा प्रश्न ऐकून आपल्याला हंसूं येईल. परंतु १९३८ च्या मुंबईच्या कायद्यानें आणि पुढें १९४६ च्या मध्यवर्ती कायद्यानें हे नियम, म्हणजे ज्यांना स्थायी आदेश म्हणतात ते, मोठ्या कारखान्यांना सक्तीचे केले, तेव्हां कोठें ‘कां काढलें’ हें कागदावर उतरविण्याचें बंधन मालकावर आलें. १९४६ च्या कायद्याखालीं जे नमुन्याचे आदेश झाले त्यांत एक लहानसें कलम होतें. कायम कामगार निवृत्त होवो, सेवामुक्त होवो वा बडतर्फ होवो, त्याला नोकरीचा दाखला मिळण्याचा हक्क आहे, असें तें कलम. ध्यानांत घ्या, बडतर्फालाहि दाखला! बंगल्यावरच्या बॉयला जी चिठ्ठी साहेबाच्या मर्जीनें मिळे, ती कारखान्याच्या कामगाराला हक्कानें मिळूं लागली.

येथें मला शाळामास्तराच्या खोडीप्रमाणें दोन शब्दांपाशीं थांबूं द्या. ‘बडतर्फ’ हा शब्द फारसी ‘बर-तरफ’ ह्यापासून आला. मूळ अर्थ इतकाच, कीं बाजूला केलेला. त्यांत दोष नाहीं, कलंक नाहीं. कलंक आपण मागाहून चिकटविला. दुसरा शब्द ‘राजीनामा’. हा तर फारच मौजेचा आहे. राजी म्हणजे संमत, नामा म्हणजे लेख. मराठेशाहींत वादी-प्रतिवादी पंचायतीपुढें उभे राहिले, म्हणजे ‘पंच जें ठरवितील तें आम्हांस मान्य’ असा लेख ते आधीं लिहून देत, तो राजीनामा. आज मात्र ज्याला काढावयाचें ठरलेलें असतें त्यालाच बोलावून ‘तुम्ही राजीनामा द्या म्हणजे तुमच्या नांवाला डाग लागणार नाहीं’ असें सांगतात, आणि तो मनांतून राजी नसतांना राजी असल्याचा लेख लिहून देतो. माझ्या ह्या विद्यार्थ्याकडूनहि तसाच लेख घेतला होता. चौथ्या मजल्यावरील एका खोलींत, वीस मिनिटांत.

कायद्याच्या दृष्टीनें कामावरून कमी करणें निराळें आणि बडतर्फी निराळी. काम उरलें नाहीं म्हणून माणूस कमी केला तर त्यांत त्याचा अपराध नाहीं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यांत १९५३ सालीं जी दुरुस्ती झाली तिनें अशा माणसाला एक महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षाबद्दल पंधरा दिवसांचें वेतन ठरवून दिलें. शेवटीं आलेल्याला आधीं कमी करावें, आणि पुन्हां माणसें घ्यावयाचीं झालीं तर कमी केलेल्यांना आधीं बोलवावें, हेंहि सांगितलें. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेनें घेतली. पंधरा दिवसांचा हिशेब तिनेंहि राखला आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या पदाच्या नांवांत ‘मॅनेजर’ हा शब्द होता, हाताखालीं मात्र एकहि माणूस नव्हता. अशांना कामगार म्हणावें कीं नाहीं, हें वकिलाला विचारल्यावांचून कळत नाहीं.

आतां माझ्या आयुष्यांतील काळाकडे येतों. १९७४ च्या मे महिन्यांत रेल्वेचा देशव्यापी संप झाला. ८ तारखेपासून २७ तारखेपर्यंत. मी तेव्हां शाळकरी मुलगा. आमच्या चाळींतील दोन बिऱ्हाडें रेल्वेचीं. संप मोडल्यावर हजारों लोकांच्या हातीं बडतर्फीचे कागद पडले, आणि त्यांतील पुष्कळांत रेल्वेच्या शिस्तविषयक नियमांतील चौदाव्या नियमाचा दुसरा पोटनियम दाखविलेला असे. त्याचा अर्थ असा, कीं चौकशी करणें व्यवहार्य नाहीं असें अधिकाऱ्यानें लिहून ठेवलें म्हणजे चौकशीवांचून काढतां येतें. खाजगी कारखान्यांत काम मागायला गेलेल्या अशा माणसानें ‘तुझ्यावर आरोप काय होता?’ ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यावें? आरोप शाबीत झाला नाहीं असें म्हणावें, तर आरोपाची चौकशीच झालेली नाहीं. चाळींतील एकानें त्या तीन वर्षांत भाजीची गाडी लावली, पण कोणाच्या कचेरीची पायरी चढला नाहीं. १९७७ सालीं दिल्लींत सरकार पालटलें, प्राध्यापक मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले, आणि संपांत काढलेल्या लोकांना परत घेतलें गेलें. त्या गृहस्थांनीं गाडी विकली आणि पुन्हां निळा गणवेष चढविला. १९८५ सालीं तुलसीराम पटेल खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें चौकशीवांचून काढण्याची ती तरतूद घटनेला धरून असल्याचा निर्णय दिला. पण तोंवर आमच्या चाळींतील हिशेब मिटला होता.

गिरणी कामगारांचा हिशेब असा मिटला नाहीं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत होते. पुढारी डॉक्टर दत्ता सामंत हे आमच्या घाटकोपरचेच म्हणावयाचे; पंतनगरांत त्यांचा दवाखाना होता आणि जवळपासच्या दगडखाणींतील मजुरांपासून त्यांचें कामगारकार्य सुरू झालें होतें. बोनसच्या तंट्यापासून निघालेला हा झगडा पगारावर, बदली कामगारांच्या प्रश्नावर आणि मान्यताप्राप्त युनियनच्या एकाधिकारावर गेला. संप कोणीं रीतसर मागें घेतलाच नाहीं. तो विरत गेला. १९८३ च्या ऑक्टोबरांत सरकारनें तेरा गिरण्यांचा कारभार हातीं घेतला, कांहीं गिरण्या उघडल्या, कांहीं उघडल्याच नाहींत, आणि लाखावर माणसें परत आंत गेलीं नाहींत. गिरण्या परळ-लालबागच्या, पण माणसें कांहीं थोडीं भांडुपच्या टेकडीवर आणि घाटकोपरच्या असल्फ्यालाहि राहत होतीं. त्यांचीं मुलें माझ्या वर्गांत होतीं.

१९८३ च्या पावसाळ्यांत एका मुलाचे वडील शाळा सुटल्यावर माझ्याकडे आले. साचेखात्यांत सोळा वर्षें काम केलेले. “गुरुजी, एक अर्ज लिहून द्या,” म्हणाले. मुलुंडच्या बाजूस एका लहानशा कारखान्यांत हेल्पर हवे होते. मीं अर्ज लिहावयास घेतला आणि ह्याच रकान्यापाशीं अडलों. त्या दिवसांत ‘संपांत होतास काय?’ हा प्रश्न दारावरचा पहारेकरीसुद्धां विचारी. तेव्हां मीं, चोवीस-पंचवीस वर्षांच्या मास्तरानें, आपली सारी अक्कल लढवून असें लिहिलें, कीं अर्जदार गांवीं शेती पाहत होता, आईच्या आजारामुळें दोन वर्षें तिकडे राहिला, आणि तत्पूर्वीं एका दुकानांत कामास होता. त्यांना मीं तें वाचून दाखविलें. ते कांहीं वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आई तर जाऊन धा वर्षं झाली, गुरुजी.” मीं म्हटलें, “असूं द्या हो. कोण पाहायला जातो?”

काम मिळालें. अडीच आठवडे गेले. मग भविष्यनिर्वाह निधीचा एक फॉर्म भरावयाचा निघाला, ज्यांत पूर्वीं आपण कोठें निधीचे सभासद होतां कां आणि कोठून केव्हां सुटलां हें जाहीर करावें लागतें. तो त्यांनीं खरा भरला. खोटा भरला असता तर गिरणींतील सोळा वर्षांचा पैसा अडकला असता, आणि तो पैसा हीच त्यांची एकमेव शिल्लक होती. हेडक्लार्कनें फॉर्म आणि अर्ज शेजारीं शेजारीं ठेवले. त्यांना संपासाठीं काढलें नाहीं. अर्जांत खोटें लिहिल्याबद्दल काढलें. आणि तसें लिहिलेला कागद हातीं दिला. आतां त्यांच्यापाशीं सांगावयाच्या दोन नोकऱ्या होत्या, आणि दुसरीचें कारण पहिलीपेक्षां वाईट होतें. तें मीं त्यांना मिळवून दिलें होतें.

ते मला एक शब्दहि बोलले नाहींत. मुलाला मात्र दिवाळीनंतर शाळेंतून काढून गांवीं पाठविलें. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणाचा रकाना असतो, हें आपणांस ठाऊक आहेच. तो मीं माझ्या हातानें भरला : ‘गांवीं जात असल्यामुळें’.

त्यानंतर मीं जे अर्ज लिहिले त्यांत संपाचा उल्लेख करूं लागलों. “अमुक गिरणींत अमुक वर्षें साचेखात्यांत काम केलें. १८ जानेवारी १९८२ पासून संपामुळें काम बंद. गिरणी अद्याप बंद आहे,” इतकेंच. त्यानें पुष्कळ दारें बंद झालीं हें मी नाकारीत नाहीं. दहा अर्जांतील आठांना उत्तरच येत नसे. पण ज्यांना कामावर घेतलें त्यांना त्या कारणासाठीं पुन्हां काढलें असें माझ्या माहितींत घडलें नाहीं. कित्येकांनीं अर्जाचा नादच सोडला, आणि कोणी रिक्षा धरली, कोणी वडापावची गाडी लावली. तेथें असला रकाना नव्हता.

कुर्ल्याच्या कामानी ट्यूब्जच्या कामगारांनीं तर तिसराच मार्ग काढला. १९८५ सालीं कारखाना बंद पडला तेव्हां त्यांनीं स्वतःची सहकारी संस्था उभारून तो चालविण्याची योजना मांडली, आणि १९८८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तिला मंजुरी दिली. दुसऱ्या मालकाला खुलासा देण्याऐवजीं तेच मालक झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७९ सालीं सरकारी शाळेंतील नोकरी सोडली आणि १८८० च्या जानेवारींत पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढलें, तोहि प्रकार थोडासा असाच. पण प्रत्येकाला शाळा काढतां येत नाहीं, आणि कुर्ल्याचा तो कारखानाहि पुढें सुखानें चालला असें नाहीं.

तर हें सारें त्या दिवशीं माझ्या विद्यार्थ्याला सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें. मग आम्ही कारण लिहावयास बसलों. मीं माझ्या पद्धतीनें दीड पान मजकूर सांगितला : माननीय महोदयांस सविनय निवेदन, कंपनीचा परदेशी ग्राहक कसा गेला, सगळा विभाग कसा बंद झाला, माझ्या कामाविषयीं वरिष्ठांचें मत कसें चांगलें होतें. तो हंसला. “सर, हा अर्ज संगणकावर भरायचा आहे. ह्या चौकटींत दोनशें अक्षरांवर एकहि बसत नाहीं.”

मग आम्ही दोघे एकेक वाक्य खोडूं लागलों. माननीय महोदय गेले. सविनय निवेदन गेलें. ग्राहक गेला. वरिष्ठांचें मत गेलें. तें ज्याचें त्यानें विचारून घ्यावें, असें तोच म्हणाला. ‘राजीनामा’ हा शब्द ठेवावा कीं नाहीं ह्यावर मात्र आमचा वाद झाला. कंपनीनें दिलेल्या कागदावर तोच शब्द होता, आणि अर्ज व कागद शेजारीं शेजारीं ठेवणारा हेडक्लार्क मला अजून दिसत होता. शेवटीं असें ठरलें : ‘विभाग बंद झाल्यानें कंपनीच्या सांगण्यावरून राजीनामा. अखेरचा दिवस व हिशेबाचा कागद सोबत जोडला आहे.’ त्यानें अक्षरें मोजलीं. बसलीं.

पंधरा दिवसांनीं त्याचा फोन आला. ऐरोलीच्या एका कंपनींत मुलाखत झाली होती. मीं विचारलें, “त्या प्रश्नाचें काय झालें रे?” तो म्हणाला, “विचारला ना, सर. पहिलाच विचारला. मीं सांगितलें, विभाग बंद झाला, एकतीस जण गेलों, त्यांत मी. समोरच्या बाईंनीं तारीख विचारली, लिहून घेतली, आणि मग म्हणाल्या, आतां तुमच्या कामाविषयीं सांगा.”

सध्यां तो रोज घाटकोपरहून ठाण्याकडची लोकल पकडतो. अंधेरीच्या मेट्रोपेक्षां गर्दी जास्त आहे, अशी त्याची तक्रार आहे.